वच्छलाकाकूंचा जावई

कर्जतच्या भिसेगावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये रोज ऊन कलायला लागलं की एक गाडी येते. ही गाडी रेल्वेच्या कुठल्याही टाइमटेबलात नाही. खरे रूळ आमच्यापासून हाकेच्या अंतरावर आहेत आणि तिथल्या गाड्यांचे आवाज इतके सवयीचे झालेत की ते आता कानात शिरतच नाहीत. पण ही गाडी दुसऱ्या मजल्यावर येते. आधी भिंतीतून बारीक घरघर ऐकू येते. मग कुणीतरी पंखा वाढवत नेल्यासारखा आवाज. मग एक लांबलचक भोंगा, बोगद्याच्या आधी वाजवतात तसा. आणि मग सगळं गप्प. गाडी पुढे गेल्याचा आवाज कधीच येत नाही.

नवीन भाडेकरू आले की पहिल्या काही दिवसांतच जिन्यात गाठून हळूच विचारतात, "तुमच्याकडे पण ऐकू येतं का हो?"

मी सांगते, "येतं. आमच्या समोरच्या काकू गाडी चालवतात."

हे ऐकून त्यांना बरं वाटायला हवं. उलट चेहरा आणखी उतरतो.

या समोरच्या काकू म्हणजे वच्छलाकाकू. वय सत्तरीच्या जवळ, उंची बेताची, पदर कायम कमरेला खोचलेला आणि चष्म्याच्या दोन्ही काड्यांना नाडी बांधलेली. माहेर खालापूरकडचं, शेतीवाडीचं. तिकडची बोली त्यांनी इतकी वर्षं कर्जतात राहून, रेल्वेच्या लोकांत वावरून जराही सोडलेली नाही. "नीट बघ, मग बोल," हे त्यांचं पालुपद. भाजीवाल्याला, गॅसवाल्याला, बिल्डिंगच्या सेक्रेटरीला, सगळ्यांना हेच. एकदा त्यांच्या डोळ्यांच्या डॉक्टरांनी "काकू, मोतीबिंदू वाटतोय" म्हटलं, तर त्यांनाही हेच ऐकवून आल्या. आणि गंमत अशी, की डॉक्टरांनी पुन्हा नीट बघितलं आणि मोतीबिंदू नव्हता.

काकूंना बघण्याचा नाद आहे, असंच म्हणायला हवं. तांदूळ निवडतात तर प्रत्येक दाणा ओळखीचा असल्यासारखा. माझ्या कानातली कुडी एकदा जिन्यात पडली, सगळी बिल्डिंग शोधून दमली. काकू आल्या, पहिल्या पायरीवर बसल्या, नुसत्या बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ती बघ, कुंडीच्या मागं चमाकती." होतीच तिथे.

त्यांचे यजमान, आमचे काका, रेल्वेत ड्रायव्हर होते. पण साधे नव्हेत. पुण्याकडे जाणाऱ्या गाड्यांना घाट चढायचा असतो, म्हणून कर्जतला त्यांच्या मागे जादा इंजिनं लावतात. ती मागून ढकलत गाडी वर नेतात. त्यांना बँकर म्हणतात. काका त्या बँकरचे ड्रायव्हर. जन्मभर दुसऱ्याची गाडी मागून ढकलली. माणूस इतका अबोल, की मी समोर राहत असूनही त्यांचा आवाज मला आठवावा लागतो. जिन्यात भेटले की मान हलवायचे. वर जाताना एकदा आणि खाली येताना एकदा.

काका गेले आणि काकू एकट्या राहिल्या. मुलगा नितीन मस्कतला. बापाचं दिवसकार्य करून परत जाताना तो आपला जुना लॅपटॉप आईकडे ठेवून गेला. "व्हिडिओ कॉल मोठ्या स्क्रीनवर दिसेल" म्हणून. तो लॅपटॉप साधा नव्हता. गेम खेळायचा होता, जाडजूड, मागून गरम वारा सोडणारा. त्यावर एक रेल्वे चालवायचा गेम होता आणि त्या गेममध्ये कुणा हौशी माणसाने आपला घाट बनवून घातलेला होता. पळसदरी, ठाकूरवाडी, मंकी हिल, सगळं. डोंगर खरे, वळणं खरी, बोगदे खरे.

काकू व्हिडिओ कॉल शिकल्या नाहीत. गाडी चालवायला शिकल्या.

मी खालापूरला शाळेत शिकवते. घरी येते तेव्हा चहाची वेळ झालेली असते. एक दिवस कुलूप काढतेय तोच काकूंनी दार उघडलं आणि माझा हात धरला.

"मीना, चल. इक्बालच्या दुकानात जायचंय."

"आत्ता? काय झालं?"

"लॅपटॉपचं आतलं कार्ड म्हातारं झालंय गं. त्याच्यानं आता व्हईत नाय. लांबचं दिसत नाय, डोंगर मेणासारखं दिसतात, आन् गरम तर असं व्हतं की त्याच्यावर भाकर भाजावी. बाहेरून एक आनायचं नि जोडायचं."

मला कार्ड म्हणजे फक्त एटीएमचं माहीत. पडद्यावरचं चित्र काढणारंही एक कार्ड कॉम्प्युटरात असतं, हे मला दुकानात गेल्यावर कळलं.

इक्बालभाईंचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान बाजारात आहे. पन्नाशीचा माणूस, मितभाषी, दाढी नीट कातरलेली. काकूंनी त्यांच्यासमोर मोबाईल धरला. मोबाईलमध्ये कुणीतरी हिंदीत भराभरा बोलत एक लॅपटॉप उघडत होतं. इक्बालभाईंनी शेवटपर्यंत बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"काकू, हे पोरांचं काम हाय. हा लॅपटॉप मागून उघडा ठेवायला लागंल कायमचा. आत डिस्क लावायला एक जादाची जागा असते, तिच्यात ही पट्टी घालायची. पट्टीतून ही चपटी केबल बाहेर काढायची. केबलच्या टोकाला बोर्ड, बोर्डावर टेबलावरच्या कॉम्प्युटरचं मोठं कार्ड. त्याला करंटला वेगळा डबा. म्हंजी सगळं अंगच बाहेर. कशाला हवंय?"

"बघायला," काकू म्हणाल्या.

"काय बघायला?"

"नीट बघायला."

इक्बालभाईंनी कुणाच्या तरी मोडीत काढलेल्या कॉम्प्युटरचं एक कार्ड काढून दिलं. विटेएवढं, काळं, दोन पंख्यांचं. पट्टी आणि बोर्ड मागवून घ्यावे लागले. ते येईपर्यंत काकू रोज दुकानात जाऊन बसायच्या. शेवटी इक्बालभाईंनी त्यांच्यासाठी एक वेगळी खुर्चीच बाजूला काढून ठेवली.

सामान आलं आणि काकूंच्या घराचा कायापालट झाला. स्वयंपाकघरातली भांड्यांची स्टीलची मांडणी हॉलमध्ये आली. सगळ्यात खालच्या कप्प्यात करंटचा डबा. मधल्या कप्प्यात, जिथे वाट्या उपड्या घालायच्या तिथे, ते काळं कार्ड तारेने बांधून उभं केलेलं. वर लॅपटॉप तंबूसारखा पालथा, पोट उघडं, पोटातून चपटी राखाडी केबल खाली लोंबणारी. केबल दुमडू नये म्हणून तिच्याखाली उदबत्तीचा पुठ्ठ्याचा खोका. बटणं दाबायला दुकानातून आणलेला वेगळा की-बोर्ड, आणि चित्र दिसायला हॉलमधला टीव्ही. टीव्ही त्या कामाला लागल्यामुळे काकूंच्या मालिका बंद झाल्या. बिल्डिंगमधल्या बायकांना या सगळ्यात फक्त तेवढंच गंभीर वाटलं.

या बाहेरच्या कार्डाला काकू 'जावई' म्हणायला लागल्या.

"काकू, तुम्हाला तर मुलगी नाही."

"म्हून काय झालं? बाहेरून आलाय, आपल्यात राहतोय, जेवण वेगळं मागतोय, आन् आल्या आल्या सगळ्यांनी वळखलं पायजे म्हनतोय. जावई नाय तर काय?"

आणि खरोखरच त्याचा मान जावयासारखा होता. आधी त्याच्या डब्याचा करंट सुरू करायचा, मगच लॅपटॉप चालू करायचा. उलट केलं तर लॅपटॉप त्याला ओळखच दाखवायचा नाही. "रुसला," काकू म्हणायच्या आणि सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून सुरू करायच्या. तो करंटचा डबा कॉम्प्युटरच्या खोक्यात बसवलेला नसल्यामुळे आपण होऊन चालू होत नसे. त्याची हिरवी तार काळ्या तारेला जोडून द्यावी लागते. इक्बालभाई त्यासाठी पिशवीत वायरचा तुकडा शोधत होते, तेवढ्यात काकूंनी अंबाड्यातला आकडा काढला, वाकवला आणि दोन्ही भोकांत घातला.

"काकू!" इक्बालभाई मागे सरकले. "आदी बटन बंद हाय का बघायचं!"

"बघितलं मी. तू नीट बघ, मग बोल."

बटण बंदच होतं. मग त्यांनी ते चालू केलं. कार्डाचे दोन्ही पंखे एकदम फिरले, मांडणीतले उरलेले चमचे खणखणले, आणि कार्डाच्या कडेला एक लाल पट्टा पेटला. पण टीव्ही काळाच राहिला.

तो कितीतरी दिवस काळा राहिला. लॅपटॉपच्या यादीत जावयाचं नाव यायचं, पण शेजारी पिवळं उद्गारचिन्ह. इक्बालभाई दुकान बंद करून येत, पालथ्या लॅपटॉपपुढे मांडी घालून बसत, डोकं खाजवत. अखेर त्यांना कळलं की आतलं जुनं कार्ड आणि बाहेरचं नवं, दोघांना एकदम बसवायला लॅपटॉपकडे जागाच नाही.

"मंग आतल्याला झोपव," काकू म्हणाल्या. "घरातलं मानूस झोपलं की बाहेरचं बोलतंय."

इक्बालभाईंनी आतलं कार्ड बंद केलं. उद्गारचिन्ह गेलं. पण तोवर बरीच रात्र झाली होती, त्यामुळे पुढचं उद्यावर राहिलं.

दुसऱ्या दिवशी काकूंना अचानक बहिणीकडे जावं लागलं. जाताना किल्ली माझ्याकडे, तुळशीला पाणी घालण्यासाठी. मी शाळेतून आले आणि त्यांचं दार उघडलं. खिडक्या बंद, पडदे ओढलेले. घरात कुणी नाही. आणि हॉलच्या कोपऱ्यात, भांड्यांच्या मांडणीत, दोन पंखे फिरत होते. लॅपटॉप बंद, टीव्ही बंद. फक्त ते पंखे, आणि भिंतीवर लाल उजेड. उजेड हलका हलका थरथरत होता, कारण मांडणी थरथरत होती. मला एकदम असं वाटलं, की मी आत आले तेव्हा इथे बोलणं चाललं होतं आणि ते आत्ताच थांबलंय. तांब्यातलं पाणी मी तुळशीला घातलं की सांडलं, आठवत नाही. दार ओढून घेतलं आणि घरी येऊन मोठ्याने रेडिओ लावला.

काकूंकडे भांडी घासायला येणाऱ्या सुगंधाने दुसऱ्या सकाळी माझ्याकडून किल्ली नेली, तेच बघितलं आणि काम सोडलं. "त्या मांडणीत कोन तरी श्वास घेतंय," एवढंच म्हणाली.

काकू परत आल्यावर मी तक्रार केली. त्या शांतपणे म्हणाल्या, "डब्याचं बटन चालूच ऱ्हायलं व्हय? असू दे. पाहुन्याला उपाशी कशाला ठेवायचं?"

त्या दिवशी मात्र मी चहा पिता पिता विचारलंच. "काकू, खरं सांगा. एवढा सगळा खटाटोप कशाला? बघायचंय म्हणता ते काय बघायचंय?"

त्यांनी कप खाली ठेवला. चष्म्याची नाडी मानेवरून सरळ केली.

"एक बाई बघायचीय."

"कोण?"

"ते म्हाईत असतं तर कशाला बघितलं असतं?"

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. काकांच्या बरोबरची माणसं काकूंना चिडवायची, की तुमचा नवरा घाटात कुणाला तरी हात करतो. पळसदरीच्या पुढे, एका बोगद्याच्या तोंडाशी. सकाळच्या ड्युटीला नाही. ऊन कलल्यावरच्या गाडीला. पुढची सगळी गाडी बोगद्यात शिरायची, मागचं इंजिन तोंडाशी यायचं आणि काका खिडकीतून हात बाहेर काढून हलवायचे. तिथे ना वस्ती, ना पायवाट. काकूंनी एकदा विचारलं तर काका म्हणाले, "असती तिथं एक. हात करती. मंग आपुन बी करायचा." एवढंच. पुढे काकूंनी भांडण केलं, माहेरी जाऊन राहिल्या, परत आल्या. काका एक शब्द जास्त बोलले नाहीत.

"आन् मंग नितीन एकदा सुट्टीला आला, तवा त्यानं हा गेम आनला. बापाला म्हनला, दादा, तुमचा घाट बघा. हे बसले. कसे बसले, सांगू? खुर्चीत असे ताठ, ड्युटीवर बसतात तसे. गाडी वर नेली. त्या बोगद्यापाशी आले नि थांबवली. बघत ऱ्हायले, बघत ऱ्हायले. आन् मंग काय म्हनले म्हाईत हाय?"

"काय?"

"'ती हितं नाय.' आन् उठून झोपायला गेले. दिवसाउजेडी. नंतर पुन्ना त्याला हात लावला नाय."

बाहेर ऊन उतरत होतं. हॉलमध्ये मांडणीतले पंखे फिरत होते. माझ्या हातातला चहा गार झाला होता.

"मी गेल्या वर्षापास्नं रोज गाडी तिथं नेते," काकू म्हणाल्या. "सकाळी नेऊन बघितली, दुपारी नेली, ऊन कलल्यावर नेली. काय नाय. दगूड नि गवत. पन जुन्या कार्डाला लांबचं दिसत नव्हतं गं. अर्ध्या गोष्टी ते दाखवायचंच नाय. म्हून जावई आनला. एकदा दिसली ना, की कळंल मला. पान्याला येनारी डोंगरातली ठाकरीन हाय, का कोन हाय."

सत्तरीच्या उंबरठ्यावरची बाई, नवरा जाऊन वर्ष उलटून गेलेलं, आणि ती सवतीला पकडण्यासाठी लॅपटॉपचं पोट फाडून बसली होती. मला हसू यायला हवं होतं. ते आलं नाही.

इक्बालभाई शुक्रवारी दुपारची नमाज आटपून आले. त्यांना मी काहीच सांगितलं नव्हतं. आधी जावयाचा करंट, मग लॅपटॉप. टीव्ही उजळला. गेम सुरू झाला. डोंगर दिसले आणि मी पुढे सरकून बसले. ते आपले डोंगर होते. आमच्या गच्चीवरून दिसतात तेच. मेणाचे नव्हते. कातळाच्या फटीत गवत होतं आणि गवत हलत होतं.

"आता सगळं फुल करतो," इक्बालभाई म्हणाले. "लांबचं दिसनं फुल. धुकं फुल. सावल्या... अरे, सावल्या बंदच ठेवल्या व्हत्या कुनीतरी."

"सावल्या बंद?" काकूंनी विचारलं.

"जुन्या कार्डाला झेपत नाय ना. सावली काढायला लय ताकद लागते. नितीननं बंद केल्या असतील. हे घ्या, चालू."

काकू की-बोर्ड पुढे ओढून बसल्या. गेमच्या घड्याळात त्यांनी उतरतं ऊन लावलं. गाडी निघाली. पळसदरी मागे पडलं. खांबांच्या सावल्या रुळांवर आडव्या पडल्या होत्या आणि एकेक करून आमच्या खाली येत होत्या. चढ लागला. वळण आलं. त्यांनी भोंगा दिला, लांबलचक. वळण संपलं आणि समोर बोगद्याचं तोंड आलं.

ती होती.

बोगद्याच्या तोंडाशेजारच्या दगडी भिंतीवर, ऊन पडलेल्या भागात, एक बाई उभी होती. डोक्यावरून पदर, एक खांदा जरा उतरलेला, आणि उजवा हात वर. सावली होती, हे मला लगेच कळलं. पण कळून उपयोग नव्हता. हात वर होता आणि तो आमच्याकडे होता.

काकूंनी ब्रेक लावला. गाडी कुरकुरत थांबली. मांडणीतले पंखे जोरात फिरत होते, दुसरा कसलाच आवाज नव्हता.

"कशाची सावली हाय ही?" इक्बालभाई पुटपुटले. या गेममध्ये इंजिनातून बाहेर पडून हवेतून हिंडता येतं. ते त्यांना माहीत होतं. त्यांनी की-बोर्ड आपल्याकडे घेतला आणि भिंतीकडे पाठ करून उन्हाच्या दिशेने निघाले. एक मोठा दगड होता, साधा, वाटोळा. पुढे एक वाळकं झाड. पुढे तारेचा खांब. सगळ्यांच्या भोवती फिरून त्यांनी बघितलं. पदराचा आकार कशाला नव्हता. वर केलेला हात कशालाच नव्हता. ते मागे वळले. भिंतीवर ती तशीच उभी होती.

"तिन्ही एकात एक मिसळत असतील," ते म्हणाले. मग थोडं थांबून म्हणाले, "असंच असंल." आणि उठले. चपला घालताना त्यांनी डावी चप्पल उजव्या पायात घातली. काकू चहा ठेवते म्हणाल्या, तर हातानेच नको म्हणून जिना उतरून गेले.

मी काकूंकडे बघितलं. मला वाटलं, आता या हसतील. किंवा रडतील. निदान सुटल्यासारखं वाटेल त्यांना. बाई नव्हती, सावली होती.

त्या पुन्हा इंजिनात येऊन बसल्या होत्या. थांबलेल्या गाडीतून भिंतीकडे बघत होत्या. गेमचं ऊन आमच्या डोळ्यांदेखत उतरत होतं. उतरता उतरता दगडाची, झाडाची, खांबाची सावली एकमेकींवरून सरकत असणार. हळूहळू तो वर केलेला हात खाली आला. आधी खांद्यापर्यंत. मग कमरेपर्यंत. मग नुसता आकार राहिला, मग भिंतीवरचं ऊनच गेलं.

"हात खाली घेतला बघ," काकू अगदी बारीक आवाजात म्हणाल्या. "दमली असंल."

मी उठून हॉलमधला दिवा लावला.

"मी ठरवलं व्हतं, दिसली की भांडायचं. काय काय बोलायचं ते बी ठरवलं व्हतं." त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला. "हिच्यासंगं काय भांडू? हिला तर घर बी नाय. रोज हात वर करून उभी ऱ्हाती, नि गाड्या निघून जातात."

"काकू, सावली आहे ती."

"म्हाईत हाय गं मला. त्यांना बी म्हाईतच असनार. ते काय येडे नव्हते. पन कुनीतरी हात करतंय तर आपुन बी करावा, असं वाटलं असंल त्यांना. घरात बोलायचे नाय, तिला तरी हात केला."

हे बोलताना त्यांच्या आवाजात राग नव्हता. नुसतं कुतूहल होतं, ओळखीच्या माणसाबद्दल काहीतरी नवीन कळल्यावर असतं तसं.

पुढे थंडीत मला पुण्याला एका लग्नाला जायचं होतं, संध्याकाळची गाडी होती. मी काकूंना म्हटलं, चला माझ्याबरोबर, खिडकीशी बसू, खरी जागा बघू. काकूंनी मान हलवली.

"खरी गाडी तिथं थांबत नाय."

"थांबायला कशाला हवी? दिसेल की."

"दिसून काय करू? त्यांना बी दिसायचीच. पन त्यांचं इंजिन मागं. ढकलायचं त्यांच्या हातात, थांबवायचं नाय. इतकी वर्सं गेली, तिच्यापाशी थांबलं कोनच नाय." मग माझ्या दंडावर थोपटून म्हणाल्या, "तू जा लग्नाला. मला इथं गाडी हाय."

मी एकटीच गेले. त्या बोगद्याच्या आधी मी मुद्दाम खिडकीशी सरकून बसले होते. पण ढग आले होते, ऊनच नव्हतं. भिंत दिसली, ओली, शेवाळलेली, आणि लगेच अंधार.

परत आल्यावर लग्नातले लाडू द्यायला मी काकूंकडे गेले. ऊन कलतीला आलं होतं. भोंगा नुकताच वाजून गेला होता. दार नुसतं लोटलेलं होतं आणि आतून काकूंचा आवाज येत होता. मला वाटलं, नितीनचा फोन असेल, म्हणून मी बाहेरच थांबले.

"...आज बी नाय आला त्याचा फोन. कामात असंल. तिकडं आपल्यासारखं नसतं. सुगंधा पुन्ना यायला लागलीय, पन हॉलमदी येत नाय, मागच्या मागं भांडी घासती आन् जाती. आन् मेथी बघ कसली आनलीय, निम्मी काडीच हाय..."

मी दार जरा ढकललं. टीव्हीवर गाडी बोगद्याच्या तोंडाशी उभी होती. भिंतीवर ती उभी होती, हात वर करून. मांडणीत जावयाचे पंखे सावकाश फिरत होते. काकू टीव्हीपुढे जमिनीवर बसल्या होत्या, पुढ्यात वर्तमानपत्रावर मेथीची जुडी. काडी मोडून पानं ताटात टाकत होत्या आणि मधून मधून मान वर करून भिंतीकडे बघत होत्या, समोरच्याचं लक्ष आहे ना ते बघतात तसं.

माझी चाहूल लागली तशी त्या वळल्या. जराही दचकल्या नाहीत. बाजूला सरकून त्यांनी माझ्यासाठी चटईवर जागा केली.

"ये गं मीना, बस," त्या म्हणाल्या. "आमी दोघीच हाव."